जिंकून हॉटेलचा खर्च काढू, असं ठरवून निघू नका

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं, नवऱ्याचा मित्र आणि त्याची बायको असे चौघं शनिवार-रविवार अटलांटिक सिटीला, म्हणजे समुद्रकाठच्या कॅसिनोंच्या गावाला, जायचं म्हणतोय. आमच्या दोघांचं बजेट सगळं धरून ८०० डॉलर. नवरा म्हणतो रूम स्वस्त मिळतेय आणि हॉटेलचे पैसे तिथेच खेळून वसूल करू. मला हे काही पटत नाहीये, पण नेमकं काय सांगू तेच कळत नाही. किती पैसे कशाला ठेवावेत?

उत्तर : तुम्हाला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे. जिंकायचे पैसे बजेटमध्ये जमेला धरायचेच नाहीत, एक डॉलरसुद्धा नाही. खेळायला नेलेले पैसे नाटकाच्या तिकिटासारखे समजा, गेले म्हणजे गेले.

आधी रूमचं बघू. साइटवर मोठ्या अक्षरात दिसतो त्या दरावर बऱ्याचदा टॅक्स वेगळा लागतो आणि गाडी लावायचे वेगळे पैसे, त्यामुळे बुकिंगच्या शेवटच्या पानावरचा आकडाच खरा धरा आणि पार्किंगचं फोन करून विचारून घ्या. शनिवारची रात्र सगळ्यात महाग, सोमवारी सुट्टी काढता येत असेल तर रविवारची रात्र घ्या, बराच फरक पडतो. आणि चेक-इनला डेबिट कार्ड देऊ नका हं, हॉटेल डिपॉझिट म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतं आणि ती सुटायला कधीकधी काही दिवस जातात, तेवढे तुमच्याच खात्यातले पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर रूम सगळं धरून ३५०, खाणंपिणं १७०, पेट्रोल-टोल-टिप ८० आणि खेळायला २०० असं ठेवलं असतं. उन्हाळ्यातला शनिवार असेल तर रूम ३५० मध्ये बसेलच असं नाही, मग ते वरचे पैसे खेळायच्या २०० मधूनच कापा, जेवणातून नको.

आता नवऱ्याला काय सांगायचं. इतकंच सांगा, की एका तासात आपण एकूण किती रुपयांचा, म्हणजे डॉलरचा, डाव लावतो ते मोज. स्लॉट मशीनवर, म्हणजे बटण दाबलं की चित्रं फिरतात त्या यंत्रावर, भराभर बटण दाबलं तर तासाला ६०० वेळा सहज होतं, एका वेळेला १ डॉलर धरला तरी ६०० डॉलर फिरले. मशीन त्यातले १० टक्के ठेवत असेल तर सरासरी तासाला ६० डॉलर गेले. न्यू जर्सीत मशीनने दीर्घकाळात किमान ८३ टक्के परत द्यावेत असा नियम आहे, म्हणजे १७ टक्क्यांपर्यंत ठेवायची मुभाच आहे की! आणि पेनी स्लॉट नावावर जाऊ नका, एका वेळी एक सेंट लावून तिथे कोणी खेळत नाही, कमीत कमी डावच ५०-६० सेंट किंवा जास्त असतो. स्क्रीनवर डॉलरऐवजी क्रेडिट दिसतात म्हणून किती गेले ते लक्षातच येत नाही.

त्यापेक्षा रूलेट बरं, हळू चालतं; फिरत्या चाकावर गोटी कुठल्या आकड्यावर थांबेल त्यावर पैसे लावायचे. चाकावर ३८ कप्पे, १ ते ३६ आणि वर ० नि ००. एखाद्या आकड्यावर लावलंत तर १०० डॉलरमागे सरासरी ५.२६ कॅसिनोचे. पण अटलांटिक सिटीत लाल-काळा, सम-विषम असं लावलं आणि ० किंवा ०० आला तर निम्मेच पैसे जातात, म्हणून तिथे हाच आकडा २.६३ वर येतो. ही सवलत इतर बऱ्याच ठिकाणी नाही. मात्र तीन शून्यांचं चाक दिसलं तर तिथे बसूच नका. ब्लॅकजॅक, म्हणजे पत्त्यांची बेरीज २१ करायचा खेळ, खेळणार असाल तर टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते बघा, ३ ला २ असेल तर १० डॉलरवर ब्लॅकजॅक लागल्यावर (पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाल्यावर) १५ मिळतात, ६ ला ५ असेल तर फक्त १२.

२०० चे ५०-५० चे चार भाग करा, दोघांना दोन-दोन. पण ५० घेऊन १५ डॉलरच्या टेबलावर बसलात तर तीन डाव हरले की उठायची वेळ, आणि शनिवारी रात्री टेबलांचा किमान डाव वाढवतात, म्हणून खेळायचंच असेल तर रविवारी सकाळी खेळा, गर्दी कमी आणि डाव लहान. कार्डं रूमच्या तिजोरीत ठेवून खाली उतरा. क्रेडिट कार्डवर कॅश काढली तर फी तर लागतेच, व्याजही त्याच दिवसापासून सुरू होतं. आणि हे सगळं मित्रासमोर नको, निघायच्या आधी घरीच बोला.

प्रश्न : आईबाबा भारतातून आलेत, सोबत १२ वर्षांचा मुलगा आहे. आम्हाला खेळायचं नाहीये, नुसतं फिरायला अटलांटिक सिटी बरी का?

उत्तर : हो, जरूर जा. तिथला बीच फुकट आहे, जर्सी किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत उन्हाळ्यात बीचचा बॅज, म्हणजे पास, विकत घ्यावा लागतो, इथे नाही. लाकडी बोर्डवॉक १८७० पासूनचा आहे, आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर तिथे ढकलगाडीसारख्या रोलिंग चेअर मिळतात, बसायच्या आधी भाडं ठरवा. मोनोपॉली खेळाच्या मूळ अमेरिकन आवृत्तीतली बहुतेक रस्त्यांची नावं याच गावातली आहेत, पाट्या शोधायला मुलाला मजा येईल. अ‍ॅबसीकॉन दीपगृहाला २२८ पायऱ्या आहेत, तो चढेल, आजीआजोबांना खालीच बसवा. २१ च्या आतल्यांना कॅसिनोत खेळायला किंवा रेंगाळायला मनाई आहे, तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : माझ्या दिराला तिथे नेहमी फ्री रूम मिळते, तो म्हणतो आमचा वीकेंड फुकटात होतो. पण हल्ली तो आमच्याकडे उसने मागायला लागलाय. जावेला काही बोलू का?

उत्तर : बोला, आणि लवकर बोला. फ्री रूम उगाच कोणी देत नाही. खेळताना कॅसिनोनेच दिलेलं प्लेयर्स कार्ड लावलेलं असतं, त्यावरून तुम्ही किती लावता, किती वेळ बसता आणि त्यातून सरासरी किती हरायला हवेत याचा हिशोब होतो, त्यातलाच थोडा भाग रूम आणि जेवण म्हणून परत येतो. म्हणजे सारखी फ्री रूम मिळतेय याचा अर्थ तो तिथे बरंच खेळतोय. त्यात उसनवारी सुरू झाली असेल तर मला खरंच काळजी वाटते. त्याला दोष देत सुरुवात करू नका. आधी जावेशी एकटीशी बोला, घरात कर्ज किती आहे, कार्डं कोणाच्या नावावर आहेत ते तिला बघू दे. रोख पैसे मात्र देऊ नका, अगदीच अडचण असेल तर घरभाडं किंवा बिल परस्पर भरा. १-८००-गॅम्बलर या जुगाराच्या व्यसनासाठीच्या हेल्पलाइनवर घरच्या माणसांनाही बोलता येतं. दीर तयार झाला तर न्यू जर्सीत स्वतःहून नाव बंदीच्या यादीत घालता येतं, मग ठरलेल्या मुदतीत त्याला राज्यातल्या कोणत्याच कॅसिनोत खेळता येत नाही. अर्ज त्याचा त्यालाच करावा लागतो, दुसऱ्या कोणाला त्याच्या वतीने करता येत नाही, म्हणून तो भरताना जाऊबाईंनी सोबत बसावं.