जुना रोलफिल्म कॅमेरा : दुरुस्त होणारे दोष आणि न होणारे

प्रश्न : रावपुऱ्यातील एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत आहे. तेथील यशिका-मॅट १२४जी हा कॅमेरा मालक मला विकायला तयार आहेत. बाहेरून तो अगदी नीट दिसतो. मात्र १ सेकंदाचा वेग लावला की शटर उघडते आणि मिटायला बराच वेळ घेते, प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा हलत नाही, आणि खालच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते. मालकांच्या मते कॅमेरा बरीच वर्षे पडून होता, वापरात आला की शटर आपोआप सुटेल. हा कॅमेरा घ्यावा का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या तीन तक्रारींपैकी पहिली दुरुस्त होते, दुसरी कदाचित तक्रारच नाही, आणि सौदा खरोखर तिसरीवर अवलंबून आहे. आपण विचारलेली नाही अशी एक चौथी गोष्टही पाहायला हवी; तिच्याकडे नंतर येतो.

शटर आपोआप सुटेल हे मालकांचे म्हणणे मनापासूनचे असेल, पण ते खरे नाही. या कॅमेऱ्यातील कोपाल शटरमध्ये १ सेकंद, अर्धा सेकंद असे सावकाश वेग साधण्यासाठी घड्याळात असते तशी बारीक दातेरी चाकांची जोडणी असते. त्या चाकांवरचे तेल काळाच्या ओघात सुकून चिकट होते आणि चाके अडखळू लागतात. वेगवान उघडझापीत ही जोडणी जवळजवळ भाग घेत नाही, म्हणून १/१२५ किंवा १/२५० हे वेग ठीक वाटतात आणि विकणारा नेमके तेच लावून दाखवतो. वीस-पंचवीस वेळा शटर दाबल्यावर ते थोडे सुटल्यासारखे वाटते हे खरे आहे. बडोद्याच्या मे महिन्यात तर उष्णतेने चिकटा मऊ पडून तेच शटर शहाण्यासारखे वागते आणि डिसेंबरात पुन्हा रुसते. याला उपाय एकच : शटर उघडून, लायटरमध्ये भरतात त्या शुद्ध पेट्रोलने धुऊन, सुकवून, जेथे हवे तेथेच सुईच्या टोकाएवढे तेल देणे. कोणी बाहेरून तेलाचा फवारा मारून देतो म्हणाला तर कॅमेरा उचलून घरी यावे. ते तेल पसरत शटरच्या पाकळ्यांवर जाते, पाकळ्या एकमेकींना चिकटतात, आणि पाचशे रुपयांच्या घाईपायी पुरते शटर सोडवण्याचे काम अंगावर येते.

शटर किती मागे पडते हे कानांवर सोडू नये. मोबाइल कॅमेऱ्याशेजारी ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि ध्वनिलहरींच्या आलेखावर उघडण्याच्या आणि मिटण्याच्या आवाजांमधले अंतर मोजावे. १ सेकंदापासून साधारण १/३० पर्यंतच्या वेगांसाठी ही युक्ती पुरेशी आहे. १ सेकंदाच्या जागी सव्वा सेकंद लागत असेल तर काळजीचे कारण नाही, पण तीन सेकंद लागत असतील तर धुलाईचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. सेल्फ टायमरची कळ मात्र तपासण्यासाठीसुद्धा ओढू नये. जुन्या शटरात ती मध्येच अडकून सगळे शटर जखडून ठेवते. ही चूक मी स्वतः एकदा केली आहे, आणि तीही दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर.

मीटरविषयी. १२४जीचा मीटर वरचे झाकण उघडले की सुरू होतो, आणि तो १.३५ व्होल्टच्या पीएक्स६२५ या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनवलेला आहे. पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत, त्यामुळे स्टुडिओत तो कित्येक वर्षे बॅटरीविनाच असणार. श्रवणयंत्रात वापरतात ती ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी सुमारे १.४ व्होल्ट देते आणि औषधांच्या दुकानात मिळते. ती आकाराने थोडी लहान असल्याने भोवती रबराची कडी बसवावी लागते. ही बॅटरी घालून काटा हलला तर उत्तमच. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट क्षार जमले असतील तर ते आधी पुसून काढावेत. इतके करूनही काटा हलला नाही तरी त्यावरून सौदा मोडू नये. १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मवर, स्वच्छ उन्हात, एफ/१६ ॲपर्चर (भिंगातले प्रकाशाचे छिद्र) आणि १/१२५ वेग हे जुने गणित आपल्याकडच्या दुपारी सहसा फसत नाही, आणि मोबाइलमधला मीटर तर आहेच.

आता जाळे. ती बुरशी आहे. ती कोठे आहे आणि कितपत मुरली आहे या दोन प्रश्नांवर सगळे ठरते. दोन भिंगांच्या या कॅमेऱ्यात वरचे भिंग फक्त पाहण्यासाठी असते. त्यात बुरशी असती तर दृश्य धूसर दिसले असते, पण चित्राला काही झाले नसते. आपण लिहिता ते खालचे, म्हणजे चित्र घेणारे भिंग आहे. मागचे दार उघडावे, शटर बी वर (कळ दाबून धरेपर्यंत उघडे राहते त्या खुणेवर) लावून दाबून धरावे, ॲपर्चर पूर्ण मोकळे ठेवावे, आणि मागून टॉर्चचा प्रकाश भिंगात तिरका पाडून समोरून पाहावे. जाळ्याचे धागे पृष्ठभागावर नुसते बसलेले असतील तर पुढचा भिंगगट आट्यांवरून काढून, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि भिंगाचा कागद वापरून ते पुसले जातात. मात्र बुरशीचे आम्ल कोटिंगमध्ये, म्हणजे काचेवरच्या पातळ लेपात, उतरले असेल तर जाळे पुसल्यावरही त्याची छाया काचेवर राहते, आणि ती कोणत्याही कारागिराकडून निघत नाही. पुसून पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही ही खरी अडचण आहे. म्हणून मालकांशी स्पष्ट बोलावे : भिंग आपल्यासमोर साफ करून पाहू, डाग राहिले तर किंमत वेगळी. किंचित छाया राहिलेले भिंगसुद्धा सूर्य पाठीशी ठेवून काढलेल्या चित्रांत काही बिघडवत नाही. सूर्य समोर आला की काळे भाग करडे पडतात. या ८० मिलिमीटरच्या यशिनॉन भिंगाची रचना चार काचांची आणि साधी आहे, आणि एफ/८ वर ते इतके नीट काम करते की थोड्या डागांसाठी ते टाकून देण्याचे मी सुचवणार नाही.

चौथी गोष्ट अशी की या कॅमेऱ्यांचा पुढचा भिंगफलक पुढेमागे सरकून फोकस साधतो, आणि कॅमेरा कधी पडला असेल तर तो फलक एका कोपऱ्यात वाकतो. बाहेरून ठोकरीचा डाग दिसेलच असे नाही, विशेषतः वर नवे कातडे चढवलेले असेल तर. फलक पूर्ण बाहेर काढून चारही कोपऱ्यांतले अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. एका कोपऱ्यात मिलिमीटरच्या काही दशांशांचाही फरक आढळला तर कॅमेरा कितीही देखणा असो, तो सोडून द्यावा. शटर धुता येते, दाराकडचा फोम बदलता येतो, मीटरवाचून निभावते. वाकलेला फलक अचूक सरळ करणारा माणूस शोधण्यातच आपला उन्हाळा जाईल. फलक सरळ असेल तर एक शेवटची खात्री करावी. फिल्म ज्या कडांवर टेकते तेथे धूसर चिकटपट्टी ताणून लावावी, शटर बी वर उघडे ठेवावे, गच्चीवरून लक्ष्मीविलास राजवाड्याच्या मनोऱ्यासारखे दूरचे काही वरच्या काचेत स्पष्ट करावे, आणि मागच्या चिकटपट्टीवर उमटलेले तेच दृश्य हातातल्या भिंगातून पाहावे. दोन्ही ठिकाणी मनोरा एकाच वेळी स्पष्ट झाला तर वरच्या आणि खालच्या भिंगांचे जमते आहे.

कॅमेरा घेतलात तर काहीही उघडण्यापूर्वी एक रोल काढावा. दार मिटते तेथील काळा फोम बोटाला डांबरासारखा लागत असेल तर तेवढा आधी खरवडून त्या जागी काळी लोकर बसवावी. एरवी काही करू नये. फिल्मला दाबणाऱ्या मागच्या पट्टीवर १२ आणि २४ (नेहमीच्या १२० रोलवरची १२ चित्रे, २२० वरची २४) असे दोन पर्याय असतात; २२० हा लांब रोल आता सहज मिळत नसल्याने पट्टी १२ वर आहे ना, हे रोल घालण्याआधी बघावे. मग सूरसागराच्या काठी बाराच्या उन्हात, प्रत्येक चित्राचा वेग आणि ॲपर्चर वहीत टिपत, निरनिराळ्या वेगांवर बारा चित्रे काढावीत. धुतलेली फिल्म वहीशेजारी ठेवली की कोणता वेग खोटा बोलतो हे निगेटिव्हची दाटीच सांगते, आणि कारागिराकडे जाताना आपण अंदाज घेऊन न जाता पुरावा घेऊन जातो.

प्रश्न : घराच्या माळ्यावर आजोबांचे दोन कॅमेरे सापडले : घडीचा अ‍ॅग्फा आयसोलेट आणि अ‍ॅग्फा क्लिक थ्री. आयसोलेटचे फोकसचे कडे मुळीच फिरत नाही. पक्कडीने फिरवून पाहू का? आणि दोन्हींपैकी कोणता वापरण्याजोगा आहे?
– एक वाचक, वारसिया रोड, बडोदे

उत्तर : पक्कड जेथून काढलीत तेथे परत ठेवावी. अ‍ॅग्फाच्या त्या काळातील कॅमेऱ्यांमध्ये फोकसच्या आट्यांना लावलेले हिरवे ग्रीस वर्षांनुवर्षांत मेणासारखे कडक होते. जोर केला की आटे सुटत नाहीत. पुढच्या दोन काचा एकमेकींना जखडलेल्या अवस्थेत एकत्रच फिरून बाहेर येतात. कडे फिरल्याचे समाधान मिळते, पण फोकस हरवलेला असतो. केस वाळवायच्या यंत्राने कडे सावकाश गरम करावे, कडेला लायटर पेट्रोलचे थेंब सोडावेत, रात्रभर थांबावे आणि पुन्हा करावे. याला कधी आठवडाही लागतो. सुटल्यावर जुने ग्रीस पूर्ण धुऊन नवे अगदी थोडे लावावे, आणि अनंत अंतराची खूण वर सांगितलेल्या चिकटपट्टीच्या रीतीने नव्याने जुळवून घ्यावी.

आयसोलेटचे दुसरे दुखणे त्याचा भाता, म्हणजे भिंग आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची काळी पिशवी. अंधाऱ्या खोलीत टॉर्च भात्याच्या आत धरून प्रत्येक घडीचा कोपरा पाहावा. एक-दोन ठिकाणीच प्रकाश झिरपत असेल तर काळ्या रबरी रंगाचे दोन पातळ थर पुरतात. कोपऱ्या-कोपऱ्यात चांदण्या दिसल्या तर भाता नवाच बसवावा लागेल. घडीच्या कॅमेऱ्याची एक सवयही लावून घ्यावी : कॅमेरा आधी सावकाश उघडावा आणि मगच फिल्म पुढे सरकवावी. झटक्याने उघडला तर भाता हवा ओढतो आणि फिल्म पुढे फुगते.

क्लिक थ्रीबद्दल मला थोडा जिव्हाळा आहे, कारण तो आपल्याच गावचा आहे. न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने हा कॅमेरा बडोद्यात तयार केला, आणि देशभरातल्या कित्येक घरांच्या अल्बममधली चौकोनी चित्रे त्याच्यातून निघाली. त्यात बिघडण्यासारखे फार काही नाही, आणि तेच त्याचे बळ आहे : साधे भिंग, एकच वेग आणि ऊन की ढग एवढीच निवड. तो १२० रोलच घेतो, त्यामुळे आजही चालतो. मागच्या लाल खिडकीवर मात्र काळी चिकटपट्टी लावावी आणि आकडा पाहण्यापुरती सावलीतच उचलावी. अशा खिडक्या सुरू झाल्या तेव्हाच्या फिल्मला लाल प्रकाश दिसत नसे. आजची कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशाने खराब होते. आयसोलेट दुरुस्त होईपर्यंत आजोबांचा हाच कॅमेरा घेऊन कमाटीबागेत एक चक्कर मारायला हरकत नाही.

प्रश्न : जुन्या कोडॅक कॅमेऱ्यात १२० चा रोल बसत नाही. रोलच्या कडा थोड्या घासल्या तर चालेल का?
– एक वाचक, फतेहगंज, बडोदे

उत्तर : आपला कॅमेरा ६२० रोलचा असावा, आत किंवा दारावर तो आकडा लिहिलेला असतो. फिल्म तीच, तेवढ्याच रुंदीची. फक्त रीळ बारीक दांडीचे आणि लहान चकत्यांचे. १२० ची फिल्म १९०१ पासून चालत आली. ६२० चे उत्पादन कोडॅकने १९९५ मध्ये थांबवले. कडा घासल्यास रोल कसाबसा बसतो, पण वळताना अडतो आणि प्लास्टिकचा भुसा फिल्मवर पडतो. त्याऐवजी कॅमेऱ्यात अडकलेले रिकामे ६२० रीळ जपावे, आणखी एक जुन्या बाजारातून मिळवावे, आणि पूर्ण अंधारात किंवा काळ्या पिशवीत १२० ची फिल्म त्यावर गुंडाळावी. येथे एकच खोच आहे : फिल्म कागदाला एकाच टोकाला चिकटवलेली असते. त्यामुळे उलटे गुंडाळताना त्या टोकाशी फुगवटा येतो. तेथील पट्टी हलकेच सोडवून, फिल्म सपाट करून पुन्हा चिकटवावी. वाया गेलेल्या एका रोलवर उजेडात दोन-तीनदा सराव केल्याशिवाय अंधारात बसू नये.

प्रश्न : पावसाळ्यात कॅमेरा मूळच्या कातडी कव्हरमध्येच ठेवला तर बुरशीपासून सुरक्षित राहील ना?
– एक वाचक, मकरपुरा, बडोदे

उत्तर : उलट, कातडे ओल धरून ठेवते आणि बुरशीला खाद्य पुरवते. कव्हर वेगळे, हवेशीर जागी ठेवावे. कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह आणि आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या घड्याळासह ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. दर पंधरवड्याने कॅमेरा बाहेर काढून सगळे वेग दोन-दोनदा चालवावेत. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे होतात, मात्र निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असल्यामुळे त्यासाठी वेगळे जुने भांडे ठेवावे. ती कढई परत स्वयंपाकघरात नेऊ नये.