एसी रिले: ‘टक्’ वाजतो, मग कॉम्प्रेसर का फिरत नाही?

प्रश्न: एसीचं बटण दाबलं की बॉनेटखाली ‘टक्’ वाजतं, पण कॉम्प्रेसरचा क्लच (पट्ट्यावरच्या पुलीला कॉम्प्रेसर जोडणारा भाग) ओढला जात नाही. मेकॅनिक म्हणतात, रिले ठीक आहे, गॅस भरा. भरू का? (सातारा)

उत्तर: इतक्यात नको. गॅस अगदी संपला असता तर बहुतेक गाड्यांत प्रेशर स्विचनेच (गॅसचा दाब फार कमी किंवा फार जास्त असला की कॉम्प्रेसर रोखणारा स्विच) अडवलं असतं आणि ‘टक्’ वाजलंच नसतं. शिवाय त्या आवाजावरून फक्त रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) कॉइल जिवंत आहे एवढंच कळतं. क्लचला करंट पोचवतात ते आतले काँटॅक्ट. ते काळे पडले असतील तर आवाज येतो, करंट जात नाही.

सर्वांत सोपी तपासणी अशी: त्याच पेटीतला, त्याच नंबरचा रिले (बऱ्याचदा हॉर्नचा) अदलाबदल करून लावा. फरक पडला नाही तर इग्निशन बंद करून रिले काढा. ८५ आणि ८६ असे आकडे असलेल्या पायांमध्ये साधारण ६० ते १२० ओहम दिसायला हवेत. मग या दोन पायांना १२ व्होल्ट द्या आणि ३० व ८७ मधून २१ वॅटचा बल्ब पेटवा. मल्टिमीटरच्या ओहमवर विसंबू नका, जळका काँटॅक्टही त्यावर शून्याजवळ दिसू शकतो. बल्ब मंद पेटला तर रिले बदला. (जपानी पद्धतीच्या छोट्या रिलेवर १ व २ ही कॉइल असते, ३ व ५ हे काँटॅक्ट.)

रिले चांगला निघाला तर इंजिन चालू ठेवून सॉकेटच्या ३० आणि ८७ या जागा १० अँपिअर फ्यूज लावलेल्या तारेने पाच सेकंद जोडा. क्लच ओढला गेला, तर क्लचची बाजू ठीक आहे आणि सॉकेटमधली सैल किंवा गंजलेली पट्टी पाहा. नाही ओढला, तर क्लचचा कनेक्टर काढून कॉइल मोजा. साधारण ३ ते ५ ओहम बरोबर. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

प्रश्न: हीच तार कायमची जोडून ठेवली तर? (सातारा)

उत्तर: नाही. त्याने प्रेशर स्विचचं संरक्षण निघून जातं. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस कमी असताना तो कोरडा फिरून जॅम होतो. रिलेच्या किमतीत कॉम्प्रेसर येत नाही.

प्रश्न: एसी बंद केला तरी कॉम्प्रेसर फिरतच राहतो. तासाभराने हवेचा झोत मंदावतो. (रत्नागिरी)

उत्तर: रिलेचे काँटॅक्ट चिकटले असावेत. मग कूलिंग कॉइलवरचा सेन्सर काहीही सांगो, कॉम्प्रेसर थांबत नाही, कॉइलवर बर्फ जमतो आणि हवेची वाट बंद होते. इंजिन चालू असताना रिले उपसा. क्लच सुटला तर चांगला रिले लावून पाहा. त्यानेही सुटत नसेल तर रिलेच्या कॉइलला कायम अर्थिंग मिळतंय का, ते शोधा. रिले काढूनही क्लच सुटलाच नाही तर तारेत शॉर्ट आहे किंवा क्लचच जॅम झाला आहे.

नुसता रिले बदलून मात्र थांबू नका. बऱ्याच गाड्यांत क्लचच्या कॉइलला समांतर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. तो आतून तुटला की प्रत्येक वेळी करंट तुटताना काँटॅक्टवर ठिणगी उडते, आणि नवा रिलेही तसाच जळतो.

प्रश्न: सकाळी एसी उत्तम. दुपारी अर्ध्या तासात बंद, गाडी गार झाली की पुन्हा चालू. तीन रिले बदलले. (नागपूर)

उत्तर: चौथा घेऊ नका. बंद पडल्यावर लगेच क्लचच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजा. १२ किंवा जास्त असूनही क्लच ओढत नसेल तर दोष क्लचचा. कॉइल तापली की तिचा ओहम वाढतो, ओढ कमी होते. क्लचची प्लेट आणि पुली यांच्यातली फट झिजून वाढलेली असली तर तेवढ्या ओढीत प्लेट येत नाही. फट साधारण ०.३ ते ०.६ मिमी हवी; फीलर गेजने मोजा आणि नेमका आकडा त्या कॉम्प्रेसरच्या मॅन्युअलमध्ये पाहा. जास्त असेल तर मागची पातळ शिम काढून ती कमी करता येते. व्होल्टच नसतील तर मागे सरकत या: रिले, प्रेशर स्विच, कंडेन्सरचा पंखा. पंखा बंद असला की सिग्नलला उभं राहिल्यावर प्रेशर चढतं आणि कॉम्प्रेसर कट होतो.

प्रश्न: माझ्या नव्या गाडीत ‘टक्’ कधी ऐकूच आला नाही. बिघाड आहे का? (पणजी)

उत्तर: हवा गार येत असेल तर नाही. काही गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो. तो पट्ट्याबरोबर सतत फिरतो, गार हवा किती हवी ते आतला व्हॉल्व्ह ठरवतो. तिथे वरची तारेची चाचणी करू नका.