बॅकरॅटमध्ये पैसे नेमके कशावर लावायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून चार मित्र गोव्याला निघालात, तीन पत्ती सगळ्यांना येते, बॅकरॅट हा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ कोणालाच येत नाही, माणशी दहा हजार बाजूला काढलेत. तर खेळायचं कसं आणि लावायचं कशावर?

तीन पत्ती येते हे आधी विसरा. पोळ्याला नाहीतर दिवाळीत आपल्याकडे जे डाव बसतात, त्यात ब्लाइंड रेटणं, चाल वाढवून समोरच्याला घाबरवणं, वेळेवर पॅक करणं असं काहीतरी कसब असतं. बॅकरॅटमध्ये कसबाला जागाच नाही. पत्ते वाटण्याआधी चिप्स (पैशांच्या बदल्यात मिळणाऱ्या चकत्या) कुठे ठेवायच्या, एवढंच तुमच्या हातात. पुढचं सगळं डीलर ठरलेल्या नियमाने करतो.

टेबलावर लावायच्या मुख्य जागा तीन: प्लेअर, बँकर आणि टाय, म्हणजे बरोबरी. प्लेअर म्हणजे तुम्ही नाही आणि बँकर म्हणजे कॅसिनो नाही; ती दोन बाजूंची नुसती नावं आहेत, तुम्ही कोणत्याही बाजूवर लावू शकता. बहुतेक ठिकाणी आठ कॅट एकत्र पिसून एका पेटीत भरतात. एक्क्याचा १, दुर्री ते नव्वीचे आपापले आकडे, दश्शी आणि चित्रं शून्य. बेरीज दोन आकडी झाली की फक्त एकक धरायचा. ज्या बाजूचे ९ किंवा ९ च्या जास्त जवळ, ती जिंकली.

दोन्हीकडे दोन-दोन पत्ते पडतात. कोणाचेही ८ किंवा ९ झाले की डाव तिथेच संपला. नाहीतर प्लेअर ० ते ५ वर तिसरा पत्ता घेतो, ६-७ वर थांबतो. प्लेअर थांबला तर बँकरलाही हाच नियम. प्लेअरने पत्ता घेतला असेल तर मात्र बँकर ० ते २ वर नेहमी घेतो, ७ वर कधीच नाही, आणि ३ ते ६ वर प्लेअरचा तिसरा पत्ता कोणता आला त्यावर ठरतं. समजा प्लेअरला सत्ती-छक्की आली: तेरा, म्हणजे ३. बँकरला राजा आणि चौकी: ४. प्लेअरने तिसरा घेतला, पंजी निघाली, झाले ८. बँकर ४ वर आहे आणि प्लेअरचा तिसरा पत्ता २ ते ७ मधला आहे, म्हणून बँकरला घ्यावाच लागतो. नव्वी आली, पुन्हा तेरा, म्हणजे ३. प्लेअर जिंकला. हे कोष्टक पाठ करत बसू नका, डीलरला ते पाठ असतं.

आता पैशाचं. प्लेअरवर हजार लावून जिंकलात तर वर हजार मिळतात. बँकरवर साडेनऊशे, कारण ५ टक्के कमिशन कापतात. हे ऐकून नवखा माणूस प्लेअरकडे वळतो. पण बँकर नंतर खेळत असल्याने तो थोडा जास्त वेळा जिंकतो: १०० पैकी सरासरी ४५.८६ डाव बँकरचे, ४४.६२ प्लेअरचे, ९.५२ टाय. कमिशन जाऊनही बँकरवर कॅसिनोचा वाटा १.०६ टक्के पडतो, प्लेअरवर १.२४. टाय झाला तर या दोन्हींवरचे पैसे परत मिळतात.

टायवर मात्र चुकूनही लावू नका. एकास आठ मिळतात म्हणून हात शिवशिवतो, पण तिथे कॅसिनोचा वाटा १४.३६ टक्के आहे. म्हणजे एकूण एक लाखाची उलाढाल केलीत तर बँकरवर सरासरी हजार-अकराशे जातील, टायवर चौदा हजारांहून जास्त. जोडी येण्यावर लावायची जागा असते, तीही याच माळेतली. काही टेबलांवर ‘कमिशन नाही’ अशी पाटी दिसेल. तिथे बँकर ६ वर जिंकला तर सहसा निम्मेच देतात, आणि हिशेबात ते कमिशनपेक्षा महाग पडतं.

शेजारी स्क्रीनवर मागच्या डावांचे निकाल दाखवणाऱ्या लाल-निळ्या गोळ्यांच्या रांगा दिसतील आणि लोक त्या बघत मान डोलावतील. सलग सहा वेळा बँकर आला म्हणून सातव्यांदा प्लेअर येणार, असं काही नसतं. ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्याच दुसऱ्या खेळात पत्ते मोजून कॅसिनोला जेरीस आणणारा गणिती एडवर्ड थॉर्प, त्यालाही या खेळाच्या मुख्य बाजींत कामाचं काही सापडलं नाही. हरलं की दुप्पट लावायची, ही युक्ती तर कोणीतरी सांगेलच. हजारापासून सुरू केलंत आणि सलग सात डाव गेले तर १,२७,००० गेले, आणि आठव्याला १,२८,००० लावायला खिशात हवेत. शिवाय टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते ती वेगळीच.

दहा हजारांत हजारच्या टेबलावर बसाल तर सलग दहा डावांत उठावं लागू शकतं. सगळ्यात कमी किमान बाजीचं टेबल शोधा. जिंकलात तर त्यावर ३० टक्के कर आहे, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.

तुमचा मित्र म्हणतो तसं आधी मोबाइलवर खऱ्या पैशाने सराव करायची भानगड मात्र नको. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केलेत; जे ॲप अजून चालू असतील ते चोरूनच, आणि तिथे पैसे अडकले तर दाद कोणाकडे मागणार? २०२३ मध्ये आपल्याच नागपुरातल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन गेमिंगमध्ये ५८ कोटी गेल्याची तक्रार दिली होती, त्यात आरोपीच्या गोंदियातल्या घरावर छापा पडला होता, आठवत असेल. सराव करायचाच तर घरी पत्ते आहेत, शेंगदाणे लावा.