हॉलसाठी गॅस हीटर घेताय? आधी धुराचं बघा

महाबळेश्वरच्या घरात हीटर हवाच, बिनधास्त घ्या. फक्त दुकानात गेल्यावर रंगरूप नंतर बघा, आधी विचारा: जळका वायू जाणार कुठे?

पाइप भिंतीतून बाहेर काढता येणारा मिळाला तर तोच घ्या. बिनपाइपचा स्वस्त पडतो, पण सगळं खोलीतच राहतं. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो आणि त्याला वास नसतो, म्हणून थंडी वाजली तरी खिडकीची फट उघडी ठेवायची आणि हीटर चालू ठेवून झोपायचं नाही. शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ होते. तुमच्याकडे पावसाळ्यात भिंती आधीच ओल धरतात. त्यात बिनपाइपचा लावलात तर काचांवरून पाणी ओघळेल.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- छोट्या हॉलला भला मोठा हीटर.
- सिलिंडर खोलगट जागेत. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तिथेच साचतो.
- पिवळी ज्योत चालवून घेणं. निळी नसेल तर बंद करा, मेकॅनिकला बोलवा.

थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारं बटण), रिमोट वगैरे पुढच्या वर्षी बघू. आणि घर खाली सातारा शहरात असतं, तर मी गॅसच्या भानगडीत पडूच नका म्हटलं असतं. तिथे विजेचा साधा हीटर पुरतो.