पोकेमॉनला मोकळं रान मानवतं का?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. इतकी वर्षं चाललेल्या पोकेमॉन या गेम-मालिकेला ओपन वर्ल्ड, म्हणजे कुठेही कधीही जाता येईल असा मोकळा नकाशा, मानवतं का, हा एक. आणि दहा वर्षांच्या मुलीसाठी 'स्कार्लेट' हा मालिकेतला ओपन वर्ल्ड गेम घ्यावा की जुन्या धाटणीचं काहीतरी, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देते. पहिल्याचं माझं उत्तर असं की पोकेमॉन पकडण्याच्या खेळाला मोकळं रान छान मानवतं. गावोगावच्या जिमला, म्हणजे पोकेमॉनच्या आखाड्यांच्या प्रमुखांना, हरवत, बॅज जमवत वर चढण्याच्या खेळाला ते मानवत नाही, निदान आत्तापर्यंत ज्या तऱ्हेने केलंय तसं तरी नाही. अडचण ही की हे दोन्ही खेळ पहिल्या दिवसापासून एकाच डब्यात कोंबलेले आहेत.

मी मुलुंड पश्चिमेची, डोंगराकडच्या बाजूची. आमच्या कॉलनीची मागची भिंत संपली की थोडं रान, आणि त्यापुढे नॅशनल पार्कची हद्द. पाऊस सुरू झाला की आम्ही पोरं मोठ्या काडेपेट्या घेऊन हिंडायचो. चतुर पाण्याच्या टाकीजवळ, गोगलगायी भिंतीच्या ओल्या बाजूला, बोट लागताच गुंडाळी होणारे पैसे पायऱ्यांखाली. आणि हिरवा चकचकीत सोनकिडा फक्त एका झाडावर. कुठल्या, ते मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

पोकेमॉन ज्याच्या डोक्यातून निघालं तो सातोशी ताजिरी याच जातकुळीचा. तोक्योच्या कडेला माचिदा आहे, तिथे तो वाढला. किड्यांच्या नादामुळे मित्रांनी त्याचं नावच किड्यांचा डॉक्टर पाडलं होतं. पुढे तिथल्या तळ्यांवर, शेतांवर इमारती आल्या (मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको). २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले गेम आले, ते हेच हिंडणं गेमबॉय या हातात मावणाऱ्या गेम-यंत्रात भरण्यासाठी. त्यामुळे ओपन वर्ल्ड हे बाहेरून आणून मालिकेवर लादलंय असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. मूळ कल्पनाच रानात भटकण्याची. गेमबॉयच्या इवल्याशा कार्ट्रिजमध्ये रान मावत नव्हतं, म्हणून त्याचे पट्टे पाडून रस्ते केले. रूट १, रूट २ असे.

पण नाइलाजाने केलेल्या त्या रस्त्यांमधून एक फार चांगली गोष्ट निघाली. प्रत्येक प्राण्याला पत्ता मिळाला. पहिल्या गेममध्ये पिकाचू रानात मिळायचा तो विरिडियन फॉरेस्टच्या गवतात, आणि शंभर वेळा काहीतरी समोर आलं तर त्यातला सरासरी पाच वेळा तो. २००२ च्या 'रूबी-सॅफायर'मध्ये फीबस नावाचा एक गबाळा मासा आहे. तो रूट ११९ वरच्या नदीत, आणि अख्ख्या नदीतल्या फक्त ६ चौकटींत गळाला लागतो. कुणी सांगितलं नाही तर जन्मभर सापडणार नाही. माझं सोनकिड्याचं झाड ते हेच. आणि पहिल्या गेममधलं सफारी झोन हे राखीव रान? ५०० पावलं, पोकेमॉन पकडायचे ३० बॉल, लढाई बंद. दगड मारा नाहीतर खाऊ टाका आणि बॉल फेका. आजच्या ओपन वर्ल्ड पोकेमॉनचा आजोबा तिथेच बसलेला होता.

आता दुसरा खेळ, चढण्याचा. मी पहिल्यांदा 'फायररेड' ('रेड'चीच नवी आवृत्ती) खेळले ते स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत, इम्युलेटरवर, म्हणजे गेम-यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, २० रुपये तास. (टीव्हीवर पोकेमॉन हिंदीत लागायचं, त्यामुळे गेम इंग्रजी निघाला तेव्हा मला जरा फसवल्यासारखंच वाटलं.) इंग्रजी वाचायचा कंटाळा म्हणून सगळे संवाद मी फटाफट बटण दाबून उडवलेले. आणि मग रस्त्यात स्नॉरलॅक्स नावाचा अगडबंब पोकेमॉन आडवा झोपलेला. त्याला उठवायला बासरी हवी. बासरी मिस्टर फूजींकडे. फूजी लॅव्हेंडर टाउनच्या मनोऱ्यात अडकलेले. मनोऱ्यातलं भूत ओळखायला सिल्फ स्कोप हवा, आणि तो टीम रॉकेट या गुंडांच्या टोळीच्या अड्ड्यात. ही साखळी मला ठाऊकच नाही. तीन शनिवार मी त्या झोपलेल्या धुडाभोवती घिरट्या घातल्या, साठ रुपये घालवले. चौथ्या शनिवारी गेले तर कुणीतरी माझ्या सेव्हवर स्वतःचा गेम सेव्ह करून ठेवलेला. पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी वाचत वाचत.

तेव्हा वाटायचं, हा नुसता छळ आहे. आज कळतं की तो स्नॉरलॅक्स रखवालदार होता. पुढच्या भागातले पोकेमॉन कुठल्या लेव्हलचे, पुढची जिम किती अवघड, हे आधीच ठरवून ठेवायचं असेल तर तुम्ही तिथे किती तयारीने पोचाल याचा अंदाज लागतो. रस्ता अडवला की तो अंदाज हातात येतो. सॅफ्रन सिटीच्या दारावरचे तहानलेले पहारेकरीही त्यासाठीच. त्यांना चहा आणून दिल्याशिवाय आत सोडत नाहीत, जे मला आजही अगदी आपल्याकडचं वाटतं. आणि असं असूनही ते गेम काही रुळावरून धावणारे नव्हते. एरिका, कोगा आणि साब्रिना या जिमवाल्यांना कुठल्या क्रमाने गाठायचं हे बऱ्यापैकी खेळणाऱ्यावर सोडलेलं होतं. जुनं सगळं सरळ आणि नवं सगळं मोकळं, ही मांडणी मुळातच चूक आहे.

'स्कार्लेट' आणि त्याचा जुळा गेम 'व्हायोलेट' १८ नोव्हेंबर २०२२ ला आले. पाल्डिया नावाचा मुलूख, स्पेन-पोर्तुगालच्या धर्तीवर. ८ जिम, ५ टायटन (राक्षसी आकाराचे पोकेमॉन), टीम स्टार या टोळीचे ५ अड्डे, आणि कुठूनही सुरुवात करा म्हणून सांगितलं. पहिल्या तीन दिवसांत १ कोटी प्रती खपल्या, म्हणजे लोकांना हे हवंच होतं. पण रखवालदार काढताना शिडी तशीच ठेवली. पहिली जिम चालवणाऱ्या केटीचा मुख्य पोकेमॉन १५ लेव्हलचा, शेवटच्या ग्रुशाचा ४८ चा. तुम्ही आधी जा नाहीतर नंतर, हे आकडे हलत नाहीत.

याचं काय होतं ते मी माझ्या भाच्याकडे बघून शिकले. ठाण्याला राहतो, बारा वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत त्याने गेम लावला आणि केटीच्या गावाकडे पाठ करून निघाला भलतीकडेच. समुद्रकिनारा, मग एक वाळवंट, मग डोंगर. दिसेल ते पकडलं, दिसेल त्याच्याशी भांडला. या गेममध्ये एकाने लढाई जिंकली तरी सहाच्या सहा पोकेमॉनना अनुभवाचे गुण मिळतात आणि ते बंद करायची सोय नाही. त्यामुळे आठवड्याने तो केटीकडे पोचला तेव्हा त्याची टीम तिशीच्या पुढे. दोन फटक्यांत खेळ खलास. मला म्हणतो, "मावशी, ही बाई नुसती बेकरीच चालवते का?" (केटीचं खरंच बेकरीचं दुकान आहे.) त्याला आनंद झाला नव्हता. चुकून बालवाडीच्या वर्गात शिरल्यासारखा चेहरा होता.

बरं, कुलपं गेलीत असंही नाही. बॅज कमी असताना जास्त लेव्हलचा पोकेमॉन पकडला तर तो तुमचं ऐकत नाही. ज्याच्या पाठीवर बसून हिंडायचं त्या वाहन-पोकेमॉनचं पोहणं, उंच उडी, हवेत तरंगणं, कडे चढणं हे सगळं टायटन हरवल्याशिवाय मिळत नाही. थोडक्यात, रस्त्यावरचं कुलूप काढून पोकेमॉनच्या डोक्यात आणि वाहनाच्या पायात बसवलं. जिमवाल्यांकडे मात्र कुणी बघितलंच नाही.

याचा उपाय फार अवघड आहे असं मला वाटत नाही, कारण पोकेमॉनच्या स्वतःच्या घरात तो पडून आहे. २०१३ च्या 'पोकेमॉन ओरिजिन्स' या छोट्या ॲनिमे मालिकेत (जपानी कार्टून) ब्रॉक हा जिमवाला समोरच्याला आधी विचारतो, तुझ्याकडे बॅज किती? आणि त्याप्रमाणे स्वतःचे पोकेमॉन निवडतो. जिमवाला म्हणजे परीक्षक, समोरच्याची पायरी बघून पेपर काढणारा. मोकळ्या नकाशात याहून साजेशी गोष्ट नाही. आठ जिमवाल्यांच्या प्रत्येकी आठ टीम तयार करा, झालं. काम वाढेल, कबूल. पण ज्या कंपनीने शेकड्यांनी प्राणी घडवलेत तिला हे झेपू नये?

मोकळं रान जिथे पूर्ण जमलं तो गेम म्हणजे 'लेजेंड्स: आर्सियस', जानेवारी २०२२ चा. गंमत म्हणजे तो अख्खा एकसंध ओपन वर्ल्ड नाहीच. एक गाव आणि बाहेर पाच वेगवेगळे मोठे प्रदेश, इतकंच. पण त्यात जिम नाहीत. काम एकच, प्राण्यांची नोंदवही भरायची. गवतात दबा धरून बसायचं, मागून जाऊन बॉल फेकायचा. कुणी तुम्हाला बघून पळतो, कुणी अंगावर येतो, कुणाला तुमची फिकीर नसते. एकदा पकडून भागत नाही. तो कसा लढतो, काय खातो, कुठल्या वेळी दिसतो, असं बघत बघत एकेक नोंद पूर्ण होते. खेळताना मला अक्षरशः काडेपेटी आठवली. शिडीच नसल्यामुळे शिडी मोडायचा प्रश्न आला नाही.

आणि 'स्कार्लेट'मधला सगळ्यात चांगला भाग कुठला? बहुतेक जण एकच नाव घेतील, एरिया झीरो. गोष्ट फोडत नाही. एवढंच सांगते की नकाशाच्या मधोमध एक प्रचंड खड्डा आहे आणि शेवटी तीन सोबत्यांबरोबर गप्पा मारत त्यात उतरायचं असतं. खाली जाणारी वाट जवळजवळ एकच. सगळा मुलूख मोकळा सोडला, आणि मनात राहिली ती ही एक वाट. गावांचं उलट झालं. मोठी, देखणी, पण बहुतेक घरांची दारं उघडत नाहीत. जुन्या गेममध्ये चाळीसारखं कुणाच्याही घरात न विचारता शिरायचं, आजोबा काहीतरी बडबडायचे, कधी हातात एखादी वस्तू ठेवायचे. ते गेलं. ओपन वर्ल्डने काय हिरावलं म्हणाल, तर माझ्या हिशेबी जिमचा क्रम नंतर, आधी ही घरं.

तांत्रिक रड सगळ्यांनी ऐकलीय. गेम अडखळत चालायचा, वर्गातली मागच्या बाकांवरची मुलं कठपुतळ्यांसारखी हलायची, गेम विकणाऱ्या निन्टेन्डो कंपनीला डिसेंबर २०२२ मध्ये दिलगिरी व्यक्त करावी लागली. ती ओपन वर्ल्डची चूक नव्हे, घाईची. २०२५ मध्ये निन्टेन्डोचं स्विच २ हे नवं गेम-यंत्र आलं तेव्हा फुकट अपडेट मिळाला आणि तोच गेम त्यावर बराच सुरळीत चालतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'लेजेंड्स: झेड-ए' आला. तो पूर्ण एका शहरात घडतो, लुमिओसमध्ये. लुमिओस म्हणजे पोकेमॉनमधलं पॅरिस. शहरातले काही भाग कुंपण घालून रानटी पोकेमॉनसाठी राखून ठेवलेत. ते इतकं छोटं कसं चालेल म्हणून बरेच जण नाराज होते. मला काहीच खटकलं नाही. ज्या शहरात रात्री सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसतो तिथे राहणाऱ्याला शहरातलं रान नवीन नाही. जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो', म्हणजे खऱ्या रस्त्यांवर फिरून फोनवर पोकेमॉन पकडायचा गेम, भारतात अजून अधिकृत आलंही नव्हतं (ते डिसेंबरात आलं), तरी आम्ही ऑफिस सुटल्यावर छत्री एका हातात आणि फोन एका हातात धरून मरीन ड्राइव्हवर मॅजिकार्प नावाचे मासे गोळा करत होतो. त्याहून मोठा ओपन वर्ल्ड कुठला आणणार?

आता तुमच्या मुलीचं. तिला गोळा करायचा नाद असेल, शिंपले, स्टिकर, काहीही, तर 'आर्सियस' घ्या. जिंकायची, पुढे जायची हौस असेल तर २०१८ चं 'लेट्स गो पिकाचू'. जुनाच कँटोचा (पहिल्या गेममधल्या मुलखाचा) रस्ता, जुनाच स्नॉरलॅक्स, पण पोकेमॉन गवतात डोळ्यांना दिसतात आणि रानात पकडताना लढाई नाही. 'स्कार्लेट'च हवं असेल तर जरूर घ्या, फक्त लेव्हलप्रमाणे जिमचा क्रम असा आहे: कोर्टोंडो, आर्टाझॉन, लेव्हिन्सिया, कास्काराफा, मेडाली, मॉन्टेनेव्हेरा, अल्फोर्नाडा, ग्लासियाडो. टायटन आणि टीम स्टार मधे मधे, जमेल तसे.

हाच क्रम मी भाच्याला कागदावर लिहून दिला होता. त्याने वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि निघाला सरळ ग्लासियाडोच्या बर्फात, ग्रुशाकडे. तीनदा मार खाऊन आला. ग्रुशा अजून हरलेला नाही, पण वर डोंगरात कुठेतरी त्याला फ्रिजिबॅक्स नावाचा पोकेमॉन सापडलाय, आणि ती जागा तो मला सांगायला तयार नाही. पोकेडेक्स, म्हणजे गेममधली पोकेमॉनची नोंदवही, उघडलं की नकाशावर ती आपोआप दिसते. मी त्याला ते बोललेले नाही.