‘सुंदर चित्रण केले आहे’ याच्या पुढे कसं जायचं?

तुमचा प्रश्न असा : बी.ए.ला मराठी आहे, उत्तरं पानपानभर होतात, पण दर वेळी ‘वर्णन झालं, विश्लेषण कुठे?’ असा शेरा मिळतो. मग वाक्य लिहायचं तरी कसं?

मी बरीच वर्षं मराठी शिकवलं आणि हा शेरा मीही कित्येकांच्या वहीत लिहिला. आता वाटतं, नुसत्या शेऱ्यातून मुलांच्या हाती काही लागत नाही, वाक्य दुरुस्त करून दाखवायला हवं. तेच इथे करते.

‘बालकवींनी निसर्गाचे अत्यंत मनोहारी चित्रण केले आहे.’ कवीचं नाव बदला, वाक्य तरीही चालतं. म्हणजे ते या कवितेबद्दल काहीच सांगत नाही. कर्ता ‘बालकवी’, क्रियापद ‘केले आहे’ आणि सगळा भार बिचाऱ्या ‘मनोहारी’वर. म्हणून कवीला थोडं बाजूला ठेवा आणि कवितेतलाच एखादा शब्द कर्त्याच्या जागी आणा.

‘औदुंबर’ घेऊ. उणीपुरी आठ ओळींची कविता. पेन्सिलीने फक्त क्रियापदं अधोरेखित करा. झरा वाहतो. पायवाट आडवीतिडवी पडते, मग डोहाकडे चालू लागते. आणि शेवटी? ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.’ आता लिहा :

‘वाहणारा झरा आणि चालणारी पायवाट यांच्यानंतर आलेलं “बसला” हे क्रियापद कवितेतली सगळी हालचाल थांबवतं.’

या वाक्यात एकही कौतुकाचं विशेषण नाही, तरी ते पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं. आणखी एक पाऊल पुढे जाता येतं. कवितेत चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, पण माणूस एकही नाही. म्हणून : ‘पाण्यात पाय सोडून बसण्याची माणसाची लकब झाडाला देऊन कविता निर्मनुष्य दृश्यात एक सोबती आणते.’ यावर कुणी म्हणेल, सोबती कसला, उलट एकटेपणच गडद होतं. म्हणू द्या. ज्याच्याशी वाद घालता येतो तेच विश्लेषणाचं वाक्य. ‘मनोहारी’शी कोण भांडणार?

रंगांपाशी बहुतेक मुलं घाई करतात. पायवाट हिरव्या कुरणातून ‘काळ्या डोहाकडे’ जाते, की लगेच ‘काळा रंग मृत्यूचे प्रतीक आहे’. त्यात बालकवी १९१८ साली ऐन तारुण्यात रेल्वे अपघातात गेले हे ठाऊक असलं, तर हात आवरतच नाही. पण कविता लिहिताना तो अपघात व्हायचा होता, तो या ओळींत शोधू नका. त्यापेक्षा पुढची ओळ नीट वाचा. तिथे ‘गोड काळिमा’ आहे. म्हणून : ‘“काळ्या डोहा”ने जागी झालेली धास्ती “गोड” हे विशेषण पुरती टिकू देत नाही.’ प्रतीकाचा अर्थ बाहेरून आणून चिकटवण्यापेक्षा एका शब्दाने दुसऱ्याचं काय केलं ते पाहणं मला फार मोलाचं वाटतं.

‘दिसून येते’, ‘व्यक्त झाले आहे’, ‘प्रत्यय येतो’ हे शेपूट दिसलं की खोडा आणि थांबवतं, झाकतं, नाकारतं, लांबवतं, उलटवतं यांपैकी खरोखर काय घडतं ते शोधा. सापडलं नाही तर दोष तुमच्या भाषेचा नसतो, कविता आणखी एकदा वाचायची राहिलेली असते.

आता तुम्ही एक करून बघा. झाडाचं नाव कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दात येतं आणि त्याच्या आधी ‘असला’ आहे. त्या ‘असला’वर एकच वाक्य लिहा आणि खाली प्रतिसादात टाका, मी वाचेन.