वाचक विचारतात : लेवीयचं करायचं काय?

मागच्या अंकात जुन्या करारातल्या, म्हणजे पवित्र शास्त्राच्या पहिल्या भागातल्या, उपासनेवर लिहिलं होतं (लेवीय हे त्यातलं बळी, शुद्धता आणि वागणुकीच्या नियमांचं पुस्तक), त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले. सगळे छापणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, थोडे छोटेही केलेत. एक आधीच सांगते, उत्तरं ख्रिस्ती विश्वासातून दिलीत. यहूदी वाचक याच वचनांचा अर्थ वेगळा लावतील आणि तो त्यांचा हक्कच आहे, ग्रंथ आधी त्यांचा.

प्र. आपण दहा आज्ञा मानतो, पण तिथेच मनाई असलेलं डुकराचं मांस चालतं, लोकर-तागाचं मिक्स कापड चालतं. माझा एक मित्र म्हणतो, तुम्ही ख्रिस्ती लोक सोयीचं ते ठेवता आणि गैरसोयीचं सोडता. मला उत्तरच देता येत नाही.

मित्राचा टोमणा अगदीच हवेतला नाहीये. बरेच जण खरंच तसं करतात, ते मान्य करून पुढे जाऊ.

नेहमीचं उत्तर तुम्हाला माहीत असेल, की नियमशास्त्राचे, म्हणजे मोशेमार्फत इस्राएलला दिलेल्या नियमांचे, तीन भाग आहेत, नैतिक, विधींचे आणि न्यायव्यवस्थेचे, त्यातले नैतिक कायम आणि बाकीचे संपले. १३व्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने ही विभागणी नीट मांडली, पुढे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने घेतली, १७व्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रातही (प्रोटेस्टंट श्रद्धेचं लेखी निवेदन) ती आहे. उपयोगी आहे, मी पण वापरते. पण अडचण अशी की खुद्द पवित्र शास्त्रात असे कप्पे नाहीयेत. लेवीय १९:१८ ला 'आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' आहे आणि लगेच पुढच्या वचनात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नको हे आहे! त्याच अध्यायात वर शेताच्या कोपऱ्यातलं पीक कापू नका, ते गरिबांना आणि परक्यांना राहू द्या, असं सांगितलंय, आता हे कुठल्या कप्प्यात टाकायचं, नैतिक की न्यायव्यवस्था?

म्हणून मला वाटतं आधी दुसरं काहीतरी विचारावं, हे नियम कोणाला दिले, कधी दिले आणि कशासाठी. निर्गम, म्हणजे इस्राएलच्या मिसरमधून सुटकेचं पुस्तक, उघडून क्रम बघा. १२व्या अध्यायात वल्हांडण (सुटकेच्या रात्रीचा कोकराचा सण), १४ मध्ये समुद्र पार, आणि दहा आज्ञा येतात थेट २० मध्ये, त्यांचीही सुरुवात 'मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं' इथून होते. म्हणजे सुटका आधी झाली, नियम नंतर आले. नियम पाळा म्हणजे सोडवीन असं देव कुठेच म्हणत नाही. हे एक पक्कं धरलं ना, की जुना करार म्हणजे कर्मकांड आणि नवा करार म्हणजे कृपा हे जे आपण सहज बोलून जातो ते टिकत नाही.

आता डुक्कर. खाण्यापिण्याच्या नियमांचं कारण लेवीय २०:२४-२६ मध्ये दिलंय, मी तुम्हाला इतर राष्ट्रांपासून वेगळं केलंय म्हणून तुम्ही शुद्ध-अशुद्ध असा फरक करा. ती एका लोकांची ओळख होती, रोजच्या ताटातून जपलेली. मग प्रेषितांच्या कृत्यांत १०व्या अध्यायात यापो या गावी येशूचा शिष्य पेत्र याला दृष्टांत होतो, चादरीतून सगळे प्राणी खाली येतात, मारून खा असं त्याला सांगितलं जातं, तो नाही म्हणतो, असं तीनदा होतं, आणि तेवढ्यात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसं दारात उभी. पेत्राला कळतं की विषय मांसापुरता नाहीये, माणसांचा आहे. कुंपण ज्यासाठी होतं ते काम ख्रिस्तात पूर्ण झालं, आता परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, पण आत.

आणि सोयीचं म्हणाल तर साधारण इ.स. ४९ ची यरुशलेमची सभा बघा, कृत्ये १५, परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी मोशेचे नियम पाळावेत का हा तिथला प्रश्न. तिथे बसलेले सगळे यहूदी होते, लहानपणापासून हे नियम पाळलेले. त्यांना सोपा मार्ग कुठला होता, तर सगळ्यांनी सुंता करा, आमच्यासारखे व्हा, विषय संपला. त्यांनी तो सोडला आणि परराष्ट्रीयांना चारच गोष्टी सांगितल्या, मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म टाळा. या चार हवेतून आल्या नाहीत, लेवीय १७-१८ मध्ये इस्राएलात राहणाऱ्या परक्यांनाही लागू असलेले जे नियम आहेत त्यांच्याशी त्या बऱ्याच जुळतात. म्हणजे शास्त्र बाजूला ठेवून निर्णय घेतला नाही, शास्त्रातूनच घेतला.

मग बाकीचे नियम फेकून द्यायचे? नाही ना. प्रेषित पौल काय करतो बघा. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी घालू नको हा अनुवाद (जुन्या करारातलं मोशेच्या नियमांचं आणखी एक पुस्तक) २५:४ चा नियम तो करिंथकरांना सांगतो आणि त्यावरून म्हणतो की सुवार्तेचं काम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळायला हवा. नियम बैलाचा, त्यातला न्याय माणसांपर्यंत. अनुवाद २२:८ मध्ये घराच्या गच्चीला कठडा बांधा म्हणजे कोणी पडून मेलं तर रक्ताचा दोष तुमच्यावर येणार नाही असं आहे, ते वाचून आज कोणी सपाट गच्चीच बांधायला जाणार नाही, पण माझ्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचा जीव जाऊ नये ही जबाबदारी कुठे संपलीये?

कापडाचं राहिलंच. मुख्य याजक अहरोनाचं एफोद (याजकाचा खास अंगावरचा पोशाख) निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचं आणि तागाचं मिळून होतं (निर्गम २८:६), आणि ते रंगीत सूत लोकरीचं असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून त्यांच्यातले कित्येक म्हणतात की मिश्र कापड वाईट म्हणून नाही तर पवित्र सेवेसाठी राखीव म्हणून सामान्य माणसाला मनाई होती. मला हे पटतं. मित्राला हे पण सांगा, त्याला आवडेल.

प्र. देवाला एवढं रक्त कशाला लागायचं? लेवीयचे पहिले सात अध्याय वाचून मला कसंतरीच झालं.

कसंतरी होणं स्वाभाविक आहे, तिथे हात प्राण्याच्या डोक्यावर ठेवून मग तो मारायचा होता, अर्पण आणणाऱ्याने लांब उभं राहून बघायचं नव्हतं. पाप स्वस्त नाही हे हाताला कळावं असाच तो प्रकार होता. पण त्या सात अध्यायांत फक्त रक्त आहे हा समज बरोबर नाही. पाच मुख्य अर्पणं आहेत, होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली, दोषबली. त्यातलं अन्नबली म्हणजे पीठ, तेल, धूप, त्यात प्राणी नाहीच. शांत्यर्पणात काही भाग वेदीवर, काही याजकाला आणि उरलेलं घरच्यांनी देवासमोर बसून खायचं, म्हणजे उपासनेत जेवणाची पंगतही होती, हे आपल्या उपदेशांत फार कमी ऐकू येतं.

दुसरं म्हणजे गरिबाचा विचार. कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं, तेही जमत नसेल तर एक दशांश एफा (धान्य मोजायचं माप) सपीठ, त्यावर तेल नाही, धूप नाही, आणि तरी स्पष्ट लिहिलंय की त्याची क्षमा होईल (लेवीय ५:११-१३). नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्राच्या ९:२२ मधलं 'रक्त ओतल्याशिवाय क्षमा नाही' हे तोंडपाठ असणाऱ्यांनी हे पण वाचावं, आणि त्याच वचनात रक्ताने 'बहुतेक' सगळं शुद्ध होतं असं आहे तेही. शिवाय येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरीया आणि योसेफाने जे अर्पण केलं ते पक्ष्यांच्या जोडीचंच होतं, लूक २:२४, म्हणजे कोकरू न परवडणाऱ्यांचं.

तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लेवीय ६ च्या सुरुवातीला असा माणूस आहे ज्याने शेजाऱ्याची ठेव गिळली किंवा लुबाडणूक केली आणि वर खोटी शपथ घेतली. त्याने काय करायचं, आधी सगळं परत, वर पाचवा हिस्सा जास्त, आणि मग दोषबलीचा मेंढा. मेंढा आणला म्हणून शेजाऱ्याचे पैसे माफ होत नव्हते! येशू मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर म्हणतो तेव्हा तो मोशेच्या विरोधात बोलत नाहीये, मोशेचंच बोलतोय. आमोस, यशया, मीखा हे संदेष्टे सगळे याच मुद्द्यावर ओरडतात, हात रक्ताने भरलेले आणि वेदीवर चरबी.

ख्रिस्ती विश्वास पुढे असं म्हणतो की ही सगळी व्यवस्था छाया होती, ती वर्षानुवर्षं परत परत करावी लागायची. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजकाला आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा द्यावा लागायचा, मग लोकांसाठी दोन बकरे, एक मारायचा आणि एक सगळी पापं डोक्यावर घेऊन रानात जायचा (लेवीय १६). इब्रीकरांस पत्र म्हणतं की येशूने हे एकदाच, कायमचं केलं, स्वतःला देऊन. पण ही गोष्ट कळायला आधी लेवीय कळावं लागतं, उलटं होत नाही.

प्र. 'डोळ्याबद्दल डोळा' हे रानटी नाही का?

आजच्या कानांना वाटतं तसं. पण त्या काळाशी ताडून बघा. बाबेलचा राजा हम्मुराबीची कायद्यांची संहिता इ.स.पू. १८व्या शतकातली, तिचा दगडी स्तंभ पॅरिसला लूव्र म्युझियममध्ये आहे, तिच्यात डोळा कोणाचा यावर शिक्षा ठरते. उच्चवर्गातल्या माणसाचा फोडला तर डोळ्याला डोळा, सामान्याचा फोडला तर एक मिना (वजनाचं माप) चांदी, आणि दुसऱ्याच्या गुलामाचा फोडला तर गुलामाच्या किमतीच्या निम्मे पैसे. निर्गम २१:२४ मध्ये डोळ्याबद्दल डोळा आहे आणि दोनच वचनं पुढे, मालकाने स्वतःच्या गुलामाचा डोळा फोडला तर त्या डोळ्याबद्दल त्याला मोकळं सोडून द्यावं लागेल. त्याच वेळी हेही म्हणते की गुलामगिरी तिथे होतीच, ती झाकायची गरज नाही. येशूने मत्तय ५ मध्ये वैयक्तिक सूड घ्यायचा हक्कच काढून घेतला, तो पुढचा टप्पा.

प्र. यहूदी लोक आता बळी का देत नाहीत? आणि मंदिर परत बांधलं तर ख्रिस्ती लोकांनी काय समजायचं?

बळी फक्त परमेश्वर निवडेल त्या एकाच ठिकाणी द्यायचा होता (अनुवाद १२), ते ठिकाण यरुशलेम, आणि तिथलं मंदिर इ.स. ७० मध्ये रोमी सेनापती टायटसच्या सैन्याने पाडलं. यहूदी परंपरेत एक कथा आहे, पडलेलं मंदिर बघून एक शिष्य रडायला लागला तेव्हा रब्बी योहानान बेन जक्काई म्हणाले की आपल्याकडे प्रायश्चित्ताचा तेवढाच मोठा दुसरा मार्ग आहे, दयेची कामं, आणि त्यांनी होशेय ६:६ सांगितलं, 'मला यज्ञ नको, दया पाहिजे'. मत्तयात हेच वचन येशूच्या तोंडी दोनदा आहे (९:१३, १२:७). दोन परंपरा इतक्या जवळ येतात ना कधीकधी. शोमरोनी लोक (मोशेची पुस्तकं मानणारा, यहूदींपेक्षा वेगळा छोटा समाज) मात्र गरिज्जीम डोंगरावर वल्हांडणाची कोकरं आजही मारतात.

मंदिराबद्दल चर्चमध्ये एकमत नाही. काही जण यहेज्केल ४०-४८, म्हणजे संदेष्ट्याला दिसलेल्या नव्या मंदिराचं वर्णन, शब्दशः घेतात, म्हणजे पुढे खरंच मंदिर आणि बळी असतील, काही ते चित्ररूप मानतात. मी दुसऱ्या बाजूची आहे, कारण इब्री १०:१८ म्हणतं की क्षमा झाली तिथे पापासाठी अर्पण उरत नाही.

प्र. शब्बाथ शनिवारचा, मग आपण रविवार का पाळतो? कॉन्स्टंटाईनने बदलला असं एका व्हिडिओत ऐकलं.

रोमी सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. ३२१ मध्ये रविवारी सुट्टीचा हुकूम काढला हे खरं, पण ख्रिस्ती लोक त्या दिवशी त्याच्या खूप आधीपासून जमत होते, दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ते लिहून ठेवलंय. कारण पुनरुत्थानाचा दिवस. अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक शनिवार पाळतात, इथिओपियाचं प्राचीन चर्च दोन्ही दिवसांना मान देतं. रोमकरांस १४:५ वाचा आणि भांडू नका. फक्त अनुवाद ५:१४-१५ विसरू नका, तिथे विश्रांती दासदासींनाही मिळावी म्हणून आहे, तेव्हा स्वतः चर्चला जाऊन घरच्या कामवालीला सातही दिवस राबवणाऱ्याने शनिवार-रविवारचा वाद घालूच नये.

प्र. लेवीय वाचायला घेतलं की तिसऱ्या अध्यायात झोप येते.

मग पहिल्यापासून वाचू नका. आधी १९ वाचा, मग १६, मग २५ मधलं योबेल वर्ष (दर पन्नासाव्या वर्षी जमिनी परत करायच्या आणि दासांना मोकळं करायचं ते), त्याच्यासोबत इब्री ९ आणि १०. मग १ ते ७. त्वचारोग आणि भिंतीवरच्या बुरशीचे १३-१४ सगळ्यात शेवटी ठेवा, त्यावर वेगळे प्रश्न आलेत, ते पुढच्या अंकात घेते.